झेडचा सायलेन्सर आणि क्लचचं पेडल: नाशिकमधल्या नोंदी

९ मार्च २०२५

गाडी घरी आली. निस्सान ३७०झेड, ३.७ लिटर व्ही-६, सहा गिअर, मुंबई पासिंग. मी तिसरा मालक. आधीच्या मालकाने कॅटनंतरचा (कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) सगळा सायलेन्सर बदलून घेतलेला. मला तो फार कर्कश वाटला, भाच्याला तेवढाच आवडला.

कसारा घाट चढेपर्यंत मजेत होतो. घाटात ट्रकांच्या मागे पहिला-दुसरा गिअर करत पाऊण तास गेला. पुढे घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत क्लच दाबला आणि पेडल खालीच राहिलं. बुटाच्या टोकाने वर ओढलं. परत दाबलं, परत खाली. मागचे हॉर्न सुरू झाले. दोघांनी ढकलून गाडी कडेला लावली. भाचा घामाघूम, पण तोंडात एकच: "मामा, बोगद्यात काय ओरडली गाडी!"

चहा, वडे, चाळीस मिनिटं. पेडल आपोआप कडक झालं आणि घरापर्यंत काही त्रास नाही. गळती असती तर चहा पिऊन बरी झाली नसती. कुठेतरी काहीतरी उकळतंय.

११ मार्च

अंबडला मित्राच्या शेडमध्ये लिफ्ट आहे, तिथे चढवली. टॉर्च लावल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला.

उजव्या बाजूचा पाइप गिअरबॉक्सच्या कडेने मागे जातो आणि बेलहाउसिंगमधून, म्हणजे क्लचवरच्या धातूच्या घरातून, बाहेर येणारी क्लचची नळी (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून पुढे नेणारी) त्याच्या अगदी शेजारून जाते. मधल्या फटीत माझं एक बोट जेमतेम शिरलं. व्हर्नियरने २२ मिलिमीटर. या दोघांच्या मध्ये उष्णतेचा पत्रा असायला हवा होता. त्याच्या बोल्टांची तीन भोकं दिसतात, पत्रा नाही. नवा पाइप मूळ वाटेवरून बसेना म्हणून सायलेन्सर बसवणाऱ्याने पत्राच काढून टाकला असणार. बिलात याचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नाही.

क्लचमधलं ब्रेक ऑइल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळं. डॉट ४ दर्जाचं हे ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पुरेसं पाणी शिरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे. वाफ दाबली जाते, पेडलचा जोर पुढे पोहोचतच नाही. थंड झालं की वाफेचं परत द्रव. घोटीचा चहा असा लागू पडला.

नवं ऑइल भरलं, हवा काढली. पण हे ताप उतरवण्यासारखं झालं. आजार बाजूलाच उभा आहे.

जाता जाता पाइपला चुंबक लावलं. टच्चकन चिकटलं. मालकाला '३०४ स्टेनलेस' म्हणून विकलेला पाइप बहुतेक ४०९, म्हणजे चुंबकाला चिकटणारं स्वस्त स्टेनलेस, निघाला. ४०९ वाईट नाही, कंपनीच्या कितीतरी गाड्यांना तोच असतो. पण ३०४ च्या भावाने घ्यायला तो नको.

दोन्ही कॅट रबरी हातोडीने ठोकून पाहिले. आत काही खुळखुळत नाही. देव पावला. पोकळ केलेले निघाले असते तर या वह्या इथेच बंद केल्या असत्या.

१५ मार्च

आज फक्त मापं. पहिला तास वाया गेला, तो कसा ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा फसणार नाही.

लेझरवाली टेंपरेचर गन पाइपवर रोखली: १६० अंश. इतकं कमी? जवळ हात नेला तर केस करपल्याचा वास. गडबड अशी की ही गन वस्तूतून बाहेर पडणारं किरण मोजते आणि वस्तू काळी, खरबरीत आहे असं धरून चालते. चकचकीत धातू किरण फार कमी सोडतो, म्हणून आकडा पडतो. पाइपवर नाण्याएवढा ठिपका भट्टीच्या काळ्या मॅट रंगाने रंगवला आणि तिथेच परत रोखली: ३८०. पाइप तोच, मिनिटही तेच.

शेवटी हीट ट्रीटमेंटवाल्या शेजाऱ्याकडून के-टाइप थर्मोकपलच्या, म्हणजे टेकवून तापमान मोजणाऱ्या, चार वायरी आणल्या. एक पाइपला क्लॅम्पखाली, एक क्लचच्या नळीला, एक गिअरबॉक्सवर, एक बोगद्याच्या (गिअरबॉक्सवरच्या, दोन सीटांमधल्या उंचवट्याच्या) पत्र्याला, म्हणजे माझ्या डाव्या गुडघ्याच्या पलीकडे. गोंद्यापर्यंत जाऊन आलो.

हायवेला शंभरच्या वेगात पाइप ३९५, नळी ११२. परतताना पाथर्डी फाट्याला सिग्नलवर अडकलो तर पाइप उतरून ३४० झाला आणि नळी मात्र १३१ वर चढली. खालून वारा बंद झाल्याचा हा परिणाम. शेडमध्ये येऊन इंजिन बंद केलं. आकडे आता उतरतील म्हणून वायरी गुंडाळायला घेतल्या होत्या, तेवढ्यात मित्र म्हणाला, "थांब, चढतोय." नळी १३८, १४४, सहाव्या मिनिटाला १४९. त्यानंतर कुठे उतरायला लागली.

घोटीला हेच झालं असणार, फक्त घाटाची भर घालून.

२० मार्च

काल रंगपंचमी, अंबडमध्ये सगळं बंद. आज वेल्डरकाकांकडे गेलो. हात कोपरापर्यंत पिवळे, रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उडी मारून आलेले. म्हणाले, "रंग आठवडाभर जात नाही, पण आर्गॉनचा हात हलत नाही." हे काका आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने दिंडोरीकडच्या वायनरींच्या टाक्या जोडतात. नाशिकमध्ये स्टेनलेसचा स्वच्छ सांधा हवा असेल तर गॅरेजवाल्यांपेक्षा टाकीवाले गाठावेत, असं माझं मत आहे. टाकीत आतून खडबडीत सांधा राहिला तर तिथे घाण धरते आणि वाइन बिघडते, म्हणून त्यांना आतल्या बाजूचीही लाज असते.

२३ मार्च

सायलेन्सर निवडायचा दिवस. भाचा लॅपटॉप घेऊन बसला. वहीत सगळा वाद उतरवत नाही, ठळक तेवढं लिहितो.

त्याला टायटॅनियम हवं. वजनाचा मुद्दा खरा आहे: स्टेनलेसची घनता ८ च्या आसपास, टायटॅनियमची ४.५. पाइपही पातळ चालतो. पण परदेशातून मागवून, कर भरून, वजनासाठी एवढे पैसे? पाच मिनिटांनी कळलं, वजन हे निमित्त, त्याला टोकाचा निळा रंग हवा होता. तो रंग म्हणजे वरचा ऑक्साइडचा थर. तापवलं तर स्टेनलेसलाही येतो. तो मी फुकटात देईन म्हटलं.

मग जाडी. तीन इंची पाइप घ्या, मोकळा श्वास मिळेल, म्हणे. एका बाजूला तीन सिलिंडर, म्हणजे १.८५ लिटर. त्याला अडीच इंच पुरतो. त्यापुढे आवाज वाढतो, ताकद नाही. शिवाय जाड पाइप म्हणजे नळीशी फट आणखी कमी. आपला मूळ रोग तोच आहे, हे आवाजाच्या नादात सारखं विसरायला होतं.

मग 'फटाके'. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून फटफट व्हावी म्हणून ट्यूनिंग करून घ्यायची त्याची इच्छा. त्यासाठी न जळलेलं पेट्रोल मुद्दाम एग्झॉस्टमध्ये सोडायचं, ते तिथे पेटतं आणि कॅट भाजतो. आतली जाळी एकदा वितळली की पुढचा मार्गच बुजतो. "मामा, तुम्ही फार म्हातारे झालात." झालो.

कायद्याचंही बोललो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. बुलेटच्या जप्त सायलेन्सरांवरून रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात सगळ्यांनी पाहिलेत.

ठरलं ते असं: मागचे दोन्ही मफलर (आवाज दाबणारे डबे) मूळ कंपनीचे, जुने पण शाबूत, पुण्याहून मिळतात ते घ्यायचे. कॅटला हात लावायचा नाही. मधला भाग मूळ वाटेनेच, पण नवा बनवायचा आणि दोन्ही बाजू एक्सच्या आकारात जोडायच्या. आत्ताच्या सायलेन्सरमध्ये दोन्ही पाइप शेवटपर्यंत वेगळे आहेत, प्रत्येक बाजूचे तीन सिलिंडर आपापलं ओरडतात, म्हणून ती पत्र्यासारखी खरखर. एकत्र आणले की सहाही धक्के एका सुरात येतात.

मधला भाग बदलणं हाही फेरफारच. कुणी विचारलं तर मी 'दुरुस्ती' म्हणेन. हे पळवाटीचं उत्तर आहे, मला माहीत आहे.

६ एप्रिल

३०४ चा दीड मिलिमीटर जाडीचा पाइप, बेंड तयार मिळाले. काकांनी दोन्ही टोकं टेपने बंद करून आत आर्गॉन सोडला आणि मगच बाहेरून वेल्डिंगची टॉर्च धरली. मी विचारलं, आतून कोण बघणार आहे? त्यांनी भंगारातला एक सांधा कापून दाखवला: बाहेरून नाण्यांची चळत लावल्यासारखा देखणा, आतून कोळशासारखे काळे दाणे. आत हवा राहिली तर स्टेनलेस आतून जळतं. ते दाणे वायूच्या वाटेत अडथळा करतात आणि चिरही तिथूनच सुरू होते.

संध्याकाळपर्यंत मधला भाग तयार. एक्सचा सांधा मी गॅरेजच्या दारात उन्हात धरून दोनदा आरपार पाहिला.

९ एप्रिल

माझी चूक. पाइप बसवला, सगळीकडे सारखी फट ठेवली, पाइप टांगून धरणारे रबरी हँगर बरोबर मधोमध. दिसायला सुरेख. वीस मिनिटं चालवल्यावर खालून टणटण.

स्टेनलेस वाढतं हे मी विसरलो नव्हतो, किती वाढतं ते मांडलं नव्हतं. कॅटच्या फ्लॅंजपासून (बोल्टांच्या जोडापासून) मागच्या हँगरपर्यंत १.४ मीटर, तापमानातला फरक ३७० अंश. ३०४ एका अंशाला मीटरमागे साधारण साडेसतरा मायक्रॉन वाढतं. गुणाकार केला तर नऊ मिलिमीटर. साधं लोखंड असतं तर सहा. मी गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीपासून सात ठेवले होते.

हँगरचे हूक कापून थंड असताना पाइप पुढे ओढलेला राहील असे परत जोडले. तापल्यावर तो मागे सरकून मधोमध येतो. आता थंड गाडीखाली वाकून बघणाऱ्याला हँगर तिरके दिसतात आणि प्रत्येक जण मला सांगतो की ते तिरके आहेत.

१३ एप्रिल

आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात स्वस्त.

आधी नळीच सरकवली. गिअरबॉक्सवर एक रिकामं बोल्टाचं भोक होतं, तिथे चाळीस रुपयांची रबर लावलेली क्लिप. २२ मिलिमीटरची फट ५० झाली. इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं, मग आठवतं की मूळ पत्रा असताना याची गरजच नव्हती.

मग पत्रा. भाच्याचा आग्रह फायबरची पट्टी पाइपला गुंडाळण्याचा, सगळीकडे दिसते तशी. माझा विरोध. पट्टी उष्णता पाइपच्या आतच कोंडते, म्हणजे पाइपचा धातू आणखी तापतो, आणि पावसात ती पाणी धरून बसते. शिवाय या अंतरावर नळीला जी झळ लागते ती मुख्यतः किरणांची. किरणं तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात, तेही केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. पाइप ३०० अंशांवर असतो त्यापेक्षा ६०० वर असताना ती दुप्पट नाही, पाचपटीहून जास्त. किरणांना चकचकीत पत्रा परत पाठवतो. पण त्याच्या मागे हवा खेळली पाहिजे, नाहीतर पत्राच तापून दुसरा पाइप होतो.

बॉयलरच्या लाइनींवर जो ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात त्याचा तुकडा एमआयडीसीत सहज मिळाला. दोन थर कापले, मध्ये स्टेनलेसच्या नळकांड्या घालून दहा मिलिमीटरची फट, पाइपपासून पंधरा दूर. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे पाइपला कुठेही टेकू दिलं नाही. जुन्या तीन भोकांतच बोल्ट बसले. नळीवर चंदेरी बाही चढवली, ती शेवटची आणि सगळ्यात कमी महत्त्वाची.

पत्रा वाकवताना एक कोपरा बोटात घुसला. टिटॅनसचं इंजेक्शन, दीडशे रुपये. क्लिपपेक्षा महाग.

२० एप्रिल

दुपारी दोन, रणरणतं ऊन, मुद्दामच. कसाऱ्यापर्यंत उतरून लगेच परत चढलो. ट्रक होतेच. थर्मोकपलचा मीटर भाच्याच्या मांडीवर. डॅशच्या मधल्या तीन घड्याळांतलं पहिलं तेलाच्या तापमानाचं, त्याचा काटा ११० च्या आसपास राहिला, तिकडे चिंता नाही.

नळी: चढावर ७१, घोटीच्या रांगेत ७८. टोलनाका ओलांडून तिथेच कडेला गाडी बंद केली, त्याच चहावाल्याकडे बसलो. सहाव्या मिनिटाला ८६, मग उतरायला लागली. मार्चमधले १४९ सपाट रस्त्यावरचे होते, हे ८६ घाट चढून. पेडल कडक.

एक नवी कटकट मात्र निघाली. सहाव्या गिअरमध्ये शंभर-एकशेपाचला, म्हणजे २३००-२४०० आरपीएमला, आत घूंऽऽ असं घुमतं. कानापेक्षा छातीत जाणवतं. भाच्यालासुद्धा घोटीनंतर नकोसं झालं.

२७ एप्रिल

घुमण्यावर उपाय जुना आणि सरळ आहे: पाइपला एक बंद टोकाची शाखा जोडायची. लाट त्यात जाऊन, टोकावर आपटून उलट्या पावली परत येते आणि मूळ लाटेला मारते. लांबी लाटेच्या पाव हवी.

चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरांना एका फेऱ्यात तीन धक्के. २४०० आरपीएमला सेकंदाला १२०. वायू ३०० अंशांना धरला तर आवाजाचा वेग सेकंदाला ४८० मीटर. ४८० भागिले १२०, भागिले चार: बरोबर एक मीटर. इतकं गोल उत्तर आलं की तिथेच संशय यायला हवा होता.

काकांनी बोगद्याच्या कडेने वळवून एक मीटरची शाखा जोडली. निकाल: २०५० च्या आसपास अगदी शांत, २४०० ला घुमणं जसंच्या तसं.

रात्री जेवताना डोक्यात उजेड पडला. शाखेचं टोक बंद आहे, त्यातून वायू वाहतच नाही. मग आतला वायू मुख्य पाइपइतका गरम कसा असेल? १५० अंश धरले तर वेग ४१२. उलटा हिशेब केला: एक मीटरला १०३ धक्के, म्हणजे २०६० आरपीएम. शांतता तिथेच होती. १२० साठी ८६ सेंटिमीटर हवेत.

२८ एप्रिल

चौदा सेंटिमीटर कापले, टोपी परत लावली. पाथर्डी फाटा ते गोंदे, सहावा गिअर. घुमणं नावापुरतं. कापलेला तुकडा माझ्या टेबलावर पेनं ठेवायला आहे.

१० मे

पीयूसी झाली. आकडे मर्यादेच्या बरेच आत. तपासणाऱ्या पोराने आधी गाडीबरोबर सेल्फी काढला.

२४ मे

यंदा मेमध्येच पाऊस कोसळतोय. गाडी सुरू केली की बॉनेटच्या मागून वाफ आणि ओल्या पोत्याचा वास. लिफ्टवर घेतली तर डाव्या कॅटच्या पुढच्या मानेवर हातभर पट्टी गुंडाळलेली! भाच्याने मी गावी असताना केलेला उद्योग. "एवढीशीच लावली, मामा, दिसत पण नाही."

पट्टी सोडली. आतून ओली कच्च, फ्लॅंजच्या बोल्टांवर तांबूस पापुद्रे. दहा-बारा दिवसांत एवढं. एक नट काढताना बोल्टच तुटला. तो ड्रिल करून काढण्यात शनिवार गेला, आणि ड्रिल मशीन मी भाच्याच्या हातात दिलं.

८ जून

उरलेलं: डाव्या बाजूला नळी नसली तरी तसाच दुहेरी पत्रा लावायचा आहे, गुडघ्याजवळ बोगदा अजून गरम लागतो. दर वर्षी पावसाळ्यानंतर क्लचचं ऑइल बदलायचं, हे दारामागच्या कॅलेंडरवर लिहिलं.

थर्मोकपल शेजाऱ्याला परत केले. त्याऐवजी नळीवर तापमानाची पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर आकड्यांचे छोटे पांढरे चौकोन असतात. तेवढं तापलं की तो चौकोन काळा होतो आणि परत पांढरा होत नाही. आज खाली वाकून पाहिलं. ८२ काळा, ८८ काळा. ९३ पांढरा.